छत्रीचा नेम

सिंगापूरला लेकीकडे येऊन आठवडा होत नाही तोच चंद्रशेखररावांना कोकणात परतायचे वेध लागले. गावी रानडुकरं भाताचा फडशा पाडत होती, शेतरक्षणाच्या परवान्याची रायफल घरी गंजत होती आणि इथे लेकीच्या यिशुन वस्तीत बोलायला माणूस नव्हतं. संजीवनी हिरमुसली. जावई शिरीष म्हणाला, "बाबा, निदान एक फेरफटका तरी मारू या."

सासरा-जावई बसस्टॉपशी पोचले, तर माणसं बाकांवर चढून उभी! खाली एक भलीमोठी रानडुकरीण कुणाच्या तरी हातून पडलेल्या पिशवीतला पाव खात होती.

चंद्रशेखररावांचे डोळे चमकले. त्यांनी हातातली लांब छत्री खांद्याला लावली आणि एक डोळा मिटला.

"बाबा, खाली करा ती!"

"गप! वारा तिच्याकडून येतोय. आपला वास नाही लागायचा तिला."

"अहो, इथे शिकार केली तर पोलीस पकडतात!"

"छत्रीने?"

तेवढ्यात पलीकडची एक चिनी आजी किंचाळली, "रायफल! रायफल!" बाकांवरची माणसं डुकरिणीला विसरली आणि यांना भिऊन खांबामागे दडली. आजीने फोन लावला. बघता बघता पोलिसांची गाडी हजर.

"अंकल, यू हॅव रायफल?" तरुण हवालदाराने सावधपणे विचारलं.

"यस," चंद्रशेखरराव ताठ झाले. "लायसन्स आल्सो!"

हवालदाराचा हात कमरेकडे गेला. आपला नोकरीचा पास, पोरीची शाळा, सगळं शिरीषला परतीच्या विमानात बसलेलं दिसू लागलं.

"इन इंडिया! रायफल इन इंडिया! धिस इज अंब्रेला!" तो ओरडला आणि पुरावा म्हणून त्याने छत्रीची कळ दाबली. फट्! छत्री उघडली, डुकरीण दचकून रस्त्याकडे वळली आणि पलीकडच्या झुडपातून तिची पिल्लं टुणटुणत थेट रस्त्यावर आली. वळणावरून बस येत होती.

"अरे मेल्यांनो, थांबा!" चंद्रशेखररावांनी छत्री हिसकावली आणि रस्त्याच्या मधोमध आडवी धरली. बस करकचून थांबली. डुकरिणीने त्यांच्याकडे एकदा रोखून पाहिलं, पिल्लांना नाकाने ढकललं आणि सगळं लटांबर झुडपात दिसेनासं झालं.

हवालदाराने सुस्कारा सोडला. "अंकल, यू शूट देम ऑर यू सेव्ह देम?"

चंद्रशेखररावांनी छत्री मिटली. गावात त्यांना असं कधी कुणी विचारलंच नव्हतं. फोन करणारी आजी खांबामागून बाहेर आली, त्यांना कोपऱ्यावरच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांकडे घेऊन गेली आणि कॉफी पाजली. तिला मराठी येत नव्हती, यांना चिनी येत नव्हती. तरी गप्पा तासभर रंगल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी संजीवनी उठली, तर बाबा बूट घालून दाराशी.

"एवढ्या सकाळी कुठे?"

"अगं, बसस्टॉपवर," चंद्रशेखरराव म्हणाले. "आजी वाट बघत असेल. आणि ती पिल्लं अजून रस्ता ओलांडायला कुठे शिकलीत!"