न शिजणाऱ्या डाळीचं प्रकरण

"ज्याच्या नुसत्या खाकरण्याने गुन्हेगार कबुलीजबाब देतात, ज्याच्या नजरेतून मुंगीसुद्धा खोटं बोलून निसटत नाही, तो मी!"

अशी आमचे हे स्वतःची ओळख करून देतात. पोटापाण्यासाठी पंखे दुरुस्त करतात. त्यांची सगळ्यात गाजलेली केस म्हणजे शेजाऱ्यांचं हरवलेलं मांजर. ते दोन दिवसांनी आपणहून घरी आलं. ह्यांच्या मते, तपासाचा दबाव असह्य होऊन. मी त्यांची सहाय्यक. पगार नाही, रजा नाही, आणि लग्नच झालेलं असल्यामुळे राजीनाम्याचीही सोय नाही.

लेकीने दातांचा डॉक्टर पसंत केला, तेव्हा ह्यांनी होकार राखून ठेवला. "माणूस रानात कळतो. एक रात्र माझ्या नजरेखाली काढू दे, मग बोलू."

म्हणून आम्ही चौघं दिवसभर पाठीवर ओझी घेऊन डोंगर चढलो आणि संध्याकाळी ओढ्याकाठी तंबू ठोकले. स्वयंपाक डॉक्टरकडे. एकच पातेलं, गॅसची एकच छोटी टाकी. त्याने कांदा परतला, त्यातच डाळ-तांदूळ, मीठ, पाणी घालून झाकण ठेवलं. वास असा सुटला की माझे कुरकुरणारे गुडघेसुद्धा गप्प बसले.

बराच वेळ झाला, तरी डाळ खड्यासारखी.

ह्यांनी झाकण उचलून आत टॉर्च मारला. चमच्याने एक दाणा काढून चावला, आणि चमचा गार पाण्याने पातेल्यातच विसळला. "पुरावा वाया जाता कामा नये."

"काका, उंचावर जरा वेळ लागतो," डॉक्टर म्हणाला.

"उंचीवर आळ घेणं सोपं आहे. ती उलटून बोलत नाही."

थोड्या वेळाने पुन्हा झाकण, टॉर्च, दाणा, गार पाणी. "डाळ बदलली गेलीय!"

"घरच्या डब्यातली आहे. मीच बांधून आणलीय," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे नव्याने पाहिलं. "दुपारी कुठे होतीस तू?"

"तुमच्या मागे. तुमचं ओझं घेऊन."

माझं नाव वगळण्यात आलं. बहुधा उतरतानाच्या ओझ्याचा विचार करून.

तिसऱ्यांदा झाकण उघडलं तेव्हा ह्यांचा आवाज खर्जात गेला. "हेतू सापडला! कच्ची डाळ खाऊन दात कोणाचे तुटणार? आपले. फायदा कोणाचा?"

तिघांची नजर दातांच्या डॉक्टरकडे वळली. बिचारा पातेल्याला वारा लागू नये म्हणून स्वतःच आडोसा होऊन बसला होता. त्याने टाकी हलवून पाहिली. आत जेमतेम खुळखुळत होतं. गॅस संपला तर चौघं उपाशी, आणि ह्यांचा नकार पक्का. लेकीचा चेहरा उतरला. ती टाकीकडे, मग बापाच्या हातातल्या झाकणाकडे बघत राहिली. मग उठली.

"बाबा, ओढ्याकडे पाऊलखुणा दिसतायत. ताज्या."

हे टॉर्च घेऊन धावले. तिने झाकण घट्ट बसवलं आणि वर मोठा धोंडा ठेवला.

हे परतले तोवर डाळ-भात मऊ शिजून, गॅस विझून गेला होता.

"खुणा थेट माझ्याच बुटांसारख्या आहेत," हे धापा टाकत म्हणाले. "महाहुशार गुन्हेगार!"

"पाणी आणायला तुम्हीच गेला होतात, बाबा. आणि वाफ घालवून वर गार पाणीही तुम्हीच ओतत होतात. तुम्ही गेलात, डाळ शिजली."

ह्यांनी डॉक्टरकडे वळून विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पहिल्यांदा चमचा विसळलात तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तुमचा होकार अजून यायचा होता ना, काका. मी कच्चीसुद्धा खाल्ली असती."

ह्यांनी खाली मान घालून तीनदा वाढून घेतलं. मग पातेलं मांडीवर घेऊन तळाची खमंग खरवड काढायला बसले. संसारात ह्यांनी ती आजवर मला दिलेली नाही, लेकीलाही नाही.

सगळी खरवड त्यांनी डॉक्टरच्या ताटलीत वाढली.

"पुरावा आहे," हे गुरगुरले. "पुसून खा, जावईबापू."