जांभळा अंगठा

रत्नाकर सकाळपासून अंगठा घासत होता. साबण झाला, रॉकेल झालं, काथ्याने घासून कातडी सोलवटली. शिक्क्याची जांभळी शाई मात्र होती तिथेच. अकरा वाजता विद्यापीठात समितीपुढे उभं राहायचं होतं. शेवटी त्याने अंगठ्याला पट्टी गुंडाळली.

मानसशास्त्राच्या पदवीसाठी त्याने विषय घेतला होता 'मुलांचा प्रामाणिकपणा'. शहरातल्या मल्लेश्वरम भागात रविवारी मराठीचा वर्ग भरे. तिथल्या बारा मुलांपैकी एकेकाला पेढ्यांच्या डब्याजवळ बसवायचं, "उघडू नकोस हं" असं सांगून बाहेर जायचं आणि दाराच्या फटीतून बघायचं. विभागप्रमुख त्रिविक्रमराव म्हणाले होते, "मुलं म्हणजे उंदीर नव्हेत. बाराही घरांची लेखी संमती आणा, नीट समजावून. एक जरी कमी पडली तरी प्रयोग नाही." आणि प्रयोग नाही म्हणजे यंदा पदवी नाही.

अकरा पालकांनी चहा पाजून, कागद न वाचताच सह्या केल्या. बारावी यल्लव्वा. बेळगावकडची, घरी अगरबत्त्या वळून एकटीने पद्मावतीला, आपल्या पोरीला, शिकवणारी.

"डब्यात काय असतंय, अण्णा?"

"पेढे."

"पोरीनं उघडला तर?"

"मी वहीत लिहीन."

"आणि न्हाई उघडला तर पेढा देनार?"

याचा रत्नाकरने विचारच केला नव्हता. "नाही... ते प्रयोगात नाही."

"मग पेढा दाखवून लपून बगनाऱ्याचं कोन लिवतंय वहीत?"

"यल्लव्वा, तुम्ही फक्त अंगठा द्या ना!"

"सरी, बरं. कागद ठेवून जावा. आठ दिसांनी या."

आठ दिवसांनी तो गेला, तर दाराला कुलूप. दुसऱ्या दिवशी समिती. पिशवीत संमतीचा एक कोरा कागद होता, शाईची डबी होती. बाई अंगठाच तर देणार होती! आणि अंगठा तो अंगठा, कुणाचा आहे हे कोण बघतंय? त्याने तिच्याच दाराच्या पायरीवर बसून काम उरकलं.

समितीच्या खोलीत शिरताच वसुमतीबाईंचं लक्ष पट्टीकडे गेलं. त्या समितीवर होत्या आणि स्वभावाने फार मायाळू. "अगंबाई, काय झालं?"

"दारात चेंगरला."

"मग तुम्ही काही लिहू नका. मी लिहिते." त्यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी मागवलं, आयोडीन आणायला शिपाई धाडला. प्रत्येक उपकारागणिक रत्नाकर खुर्चीत बोटभर खाली जात होता.

त्रिविक्रमरावांनी कागद चाळले. "बारा. यल्लव्वांना समजावलंत ना?"

"हो सर. त्यांनी बरेच प्रश्न विचारले." निदान हे तरी खरं होतं.

सरांनी पेन उघडलं, तेवढ्यात शिपाई आयोडीन घेऊन परतला. त्याच्यामागे केसांत अबोली माळून यल्लव्वा उभी होती.

"काल गठ्ठे पोचवायला गेलते. अण्णा येऊन गेले, असं शेजारनीनं सांगितलं. त्यांचं काम अडायला नको म्हनून कागदावरचा पत्ता विचारत मीच आले." तिने कागद दोन्ही हातांनी पुढे धरला. खाली तीन मोठी अक्षरं होती, तिन्ही वेगवेगळ्या उंचीची. "अंगठा द्यायचा नव्हता मला. आठ दिस पोरीकडनं गिरवून घेतलं. शेवटचं अक्षर स्वल्प वाकडं झालंय, तेवढं सांभाळून घ्या."

सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. वसुमतीबाईंच्या हातातली आयोडीनची बाटली तशीच राहिली.

"रत्नाकर, पट्टी सोडा."

पट्टी त्याने चांगली लांबलचक गुंडाळली होती. ती सुटता सुटेना.

"बाकीच्या अकरा घरांनी तुम्हाला काय काय विचारलं?" सरांनी शांतपणे विचारलं.

"काही नाही, सर."

"मग यल्लव्वांचे प्रश्न लिहून घ्या आणि त्या अकरा घरी पुन्हा जा. त्याला वर्ष लागलं तर लागू दे. आणि यादीत बाराच्या जागी तेरा नावं लिहा. तेराव्याचा निकाल आजच हाती आलाय."

रत्नाकर हात खिशात घालून जिना उतरू लागला. मागून यल्लव्वा आली.

"चिंच चोळा, अण्णा. डाग जातोय."

त्याने मान हलवली. दोन पायऱ्या उतरून ती थांबली.

"पन स्वल्प दिस राहू द्या."