जातो म्हणणारे टेंभरेकाका

छत्तीसगडच्या सीमेलगतच्या आमच्या गोरेगावात कुणाच्याही घरून निघताना, पुरुष असो की बाई, सगळे ‘येतो’च म्हणतात. शेजारचे टेंभरेकाका तेवढे ‘जातो’ म्हणतात. बारशाहून निघाले, जातो. पानठेल्यावरून निघाले, जातो. एकदा आजाऱ्याला भेटायला गेले आणि उशाशी उभे राहून म्हणाले, “बरं मंग, जातो.” बिचारा उठूनच बसला!

मी पडलो शाळामास्तर. मला राहवत नाही.

“अहो काका, येतो म्हणावं!”

“काऊन? जाऊन राहिलो ना जी मी? मंग जातो नाही त का म्हणन?”

घ्या! आता यांच्याशी कोण डोकं लावणार?

दुसरं खूळ म्हणजे त्यांची गाडी. मंडपवाल्याचा जुना टेम्पो घेऊन त्यांनी आत पलंग, शेगडी, देवाचा कोनाडा असं सगळं बसवून घेतलं. दाराला चक्क घंटी. घंटी दाबून, पायपुसण्याजवळ चप्पल काढूनच आत जायचं. हा नियम मालकालाही लागू! रिकाम्या गाडीची घंटी दाबून काका जरा वेळ थांबतात आणि मग चढतात. गल्लीतली पोरं हसायची. मीही हसायचो.

काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. मूलबाळ नाही. या हिवाळ्यात एका संध्याकाळी काका घराची किल्ली घेऊन माझ्याकडे आले.

“घराकडं पाहजा जी गुरुजी. गाडी घेऊन जातो.”

“कुठं?”

“कचारगडची गुहा पाहतो. मंग छत्तीसगडाकडं.”

“परत कधी?”

काका भिंतीवरच्या पालीकडे बघत राहिले. शाळेला सुट्टी होती. म्हटलं, कचारगडापर्यंत मीही येतो. तेवढाच त्यांना सोबतीला कुणी.

रात्री डोंगराच्या पायथ्याशी गाडीतच झोपलो. पहाटे घंटी वाजली. बघतो तर बाहेर काका, कानटोपी घालून कुडकुडत उभे.

“उठा जी! डोंगर का तुमची वाट पाहून राहिला?”

अंधारात टॉर्च घेऊन चढायला लागलो. काका पुढे, मी मागे धापा टाकत. खालचं एक कुत्रं अर्ध्या वाटेपर्यंत आलं आणि थांबलं. काकांनी त्यालाही सांगितलं, “जातो रे.”

वर गुहेत पोचलो तेव्हा छताच्या भोकातून नुकताच उजेड उतरत होता. काकांनी थर्मासमधून माझ्यासाठी कपात चहा ओतला. स्वतः घेतला नाही.

“गाडी तिचीच हौस,” ते म्हणाले. “घर म्हटलं त घंटी पाहिजेच म्हणे. पयले इथंच याचं होतं आमाले.”

मी चहाचा कप खाली ठेवला.

“दवाखान्यात जातानी म्हणाली, येतो, माह्या वाटचा भात झाकून ठेवजा. ठेवला जी मी. आंबून गेला, तरी झाकूनच ठेवला होता.” काकांनी नाक पुसलं. “येतो म्हणून गेली अन् आलीच नाही. आता मी कायले म्हणू तो शब्द?”

मला रडू आलं, तेवढं खरं.

उतरून आल्यावर काकांनी मला एसटीच्या थांब्यावर सोडलं. मी गाडीच्या खिडकीतून त्यांचा हात धरला. “काका, माझ्यासाठी एकदा तरी येतो म्हणा.”

“जातो जी,” म्हणाले आणि गाडी सुरू केली.

असा राग आला त्यांचा! किल्ली मुठीत दाबून मी तिथंच उभा राहिलो. वळणावर गाडी थांबली. मग हळूहळू मागे मागे येत माझ्यापाशी आली. काच खाली झाली. काका समोर रस्त्याकडेच बघत होते.

“गुरुजी,” ते म्हणाले, “माह्या वाटचा भात झाकून ठेवजा.”