त्रेचाळिसाव्याचा पालक

नववीच्या गणिताची यादी हातात पडली आणि भीमराज सरांनी कॉलर नीट केली. वर्गात पोरं बेचाळीस, नापास फक्त चौघं. हिंगोलीतल्या त्या जुन्या सरकारी शाळेचा दहावीचा निकाल पुढच्या वर्षी शंभर टक्के लावायचा, असं सरांनी मनावर घेतलं होतं आणि त्यासाठी एक नामी युक्तीही काढली होती. नववीत पस्तिसाच्या आत गुण मिळाले की पालकांनी शाळेत यायचं, 'पाल्याचा पाया कच्चा असल्याने मी स्वखुशीने दाखला काढत आहे' या कागदावर सही करायची, आणि पोरानं सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी बाहेरून द्यायची. छप्पर गळतं म्हणून घरातली माणसंच बाहेर काढावीत, तशातला हा प्रकार. पण युक्ती स्वतःची असल्यामुळे सरांना ती फार आवडली होती.

"माझ्या बापाला एकदाबी शाळेत यावं लागलं न्हाई," हे ते पोरांना आठवड्यातून दोनदा तरी ऐकवायचे.

सरांनी नापासांचे क्रमांक वाचले. नऊ, सतरा, अठ्ठावीस, त्रेचाळीस.

त्रेचाळीस?

सरांनी यादी पुन्हा वरून खाली वाचली. पक्षपात नको म्हणून यंदा पेपर दुसऱ्या शाळेत तपासायला गेले होते. क्लार्क पुनमचंद यांनी नावाच्या चिठ्ठ्या फाडून प्रत्येक पेपरावर न बघता ओळीनं क्रमांक टाकला होता. आणि परीक्षेच्या दिवशी पहारा करता करता सरांनी पोरांवर छाप पाडायला तोच पेपर पंचवीस मिनिटांत सोडवून टेबलावर ठेवला होता. तो तिथून कुठे गेला, हे त्यांना आता कळलं.

त्यांनी कपाट उघडून गठ्ठा उपसला. पेपर सापडला. शंभरापैकी एकतीस. खाली लाल शाईत शेरा होता: 'उत्तरे बरोबर, पण रीत कुठेच नाही. कॉपीचा दाट संशय. पालकांना बोलवावे.'

पेपर खिशात घालणार एवढ्यात मागून पुनमचंद म्हणाले, "सर, ह्यो त्रेचाळीस कोन हाय? माझ्या हजेरीत तर बेचाळीसच हायेत."

"असंल एखादा नवा," सर घाईत बोलून गेले. "जवळा बाजारला मामाकडं गेलाय."

पुनमचंद प्रामाणिक माणूस. प्रामाणिक माणसापुढे खोटं बोलू नये, तो ते तडीस नेतो. जवळा बाजारला मामा असलेली तीन पोरं त्यांनी शोधली आणि तिघांच्याही घरी फोन लावले. सोमवारी सकाळी तिन्ही बाप धापा टाकत हजर! तिघांचीही पोरं पास होती, पण एकानं रात्रीच पोराला बदडून ठेवलं होतं. तो आता सरांकडे असा बघत होता की सरांनी खुर्ची टेबलाच्या पलीकडे सरकवली.

त्यांना कसंबसं वाटेला लावलं. खऱ्या नापासांपैकी दोघांच्या पालकांनी मुकाट्यानं सह्या केल्या. अठ्ठावीस क्रमांकाच्या मिनाला सरांइतकेच, एकतीस होते. तिचा बाप उत्तमसिंग शहरात मालाचा टेम्पो चालवायचा. त्यानं कागद वाचला, पण पेन काही उचललं नाही.

"सर, दाखला काढला तर हिला घरी एकटी कशी ठेवू? आमी दोघं नवरा-बायको कामावर. सेनगावकडं तांड्यावर आजीपाशी धाडावं लागंल. तिथं सोयरिकीला पाहुणे टपूनच बसलेत."

मिना खाली मान घालून उभी होती. सरांना वाईट वाटलं. पण नियम म्हणजे नियम, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात मुख्याध्यापिका निर्मलाबाई आत आल्या आणि त्यांनी पुनमचंदकडून आलेला तो पेपर टेबलावर ठेवला.

"आधी हा त्रेचाळीस कोण ते सांगा. तीन दिवस झाले, शाळेत भूत शिकतंय का?"

मिनानं मान वर करून पेपराकडं पाहिलं. "मॅडम, हे तर सरांचं अक्षर हाय."

"काहीतरीच बोलू नकोस!" सर ओरडले.

"खरंच, सर. फळ्यावर बी तुमी असंच करता. वर गणित, खाली उत्तर. मधलं काहून खाता, ते आमाला कळतच न्हाई." तिनं कुत्सितपणानं म्हटलं असतं तर सर रागावू शकले असते. तिनं ते अगदी साधेपणानं सांगितलं.

पेपर हातोहात फिरला. उत्तमसिंगनं लाल शेरा मोठ्यानं वाचला आणि दाखल्याचा दुसरा एक कोरा कागद सरांपुढं सरकवला. "मंग पयले तुमचा दाखला काढा, सर. आमी बसतो मागं नंबर लावून."

निर्मलाबाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "नियम तुम्हीच केलाय, भीमराज सर. पालकांना बोलवा."

दहा मिनिटांत सरांचे वडील पुंजाजी सायकलवरून आले. एस.टी.तून निवृत्त झालेले हे ड्रायव्हर सगळ्यांना "जयभीम" करून बाकावर उत्तमसिंगशेजारी टेकले. त्यांनी पेपर पाहिला, शेरा वाचला आणि खिशातून पेन काढून कुठे सही करायची, हे न विचारताच दाखल्याच्या कागदावर बरोबर जागी सही ठोकली.

"बाबा, वाचा तर आधी!" सर कळवळले.

"काय वाचायचं? चौथ्यांदा करून राहिलो." पुंजाजी निर्मलाबाईंकडे वळले. "सातवीत एकदा, नववीत दोनदा शाळेनं असंच बोलावलं. ह्याला सांगू नका म्हनले होते गुरुजी. लेकरू खचंल म्हनून आमीबी गप राहिलो. पर बाई, ते गुरुजी नुसती सही घ्यायचे अन् जूनपासून ह्याला पुढच्या बाकावर बसवायचे. दाखला काई कोनी दिला न्हाई."

सरांनी सह्या झालेले दोन कागद आणि स्वतःचा तिसरा, तिन्ही एकत्र करून फाडले. मिनाचा कोरा कागदही त्यांनी सोडला नाही.

जूनमध्ये दहावीचा जादा तास सकाळी सातला सुरू झाला. पुढच्या बाकावर तिघं, त्यात मधोमध मिना. सरांनी वर गणित लिहिलं, खाली उत्तर लिहिलं आणि हात झटकले.

"सर," मिना म्हणाली, "मधलं?"

सरांनी डस्टर उचललं.

"नसंल होत तर सांगा," ती पुढं म्हणाली, "बाबांला फोन लावते. तुमच्या."