ली हुआ कोणत्या वर्गात आहे?

मेंग बाईंच्या वर्गात इंग्रजी पत्र लिहायचं म्हणजे ली हुआनं पीटरला लिहायचं. दुसरं कुणी दुसऱ्या कुणाला लिहीत नाही. परीक्षेत स्वतःचं नाव लिहिलं तर तपासणाऱ्याला ओळख पटावी म्हणून पेपरवर खूण केली असं धरतात आणि सरळ शून्य देतात. म्हणून पेपर काढणारेच नाव देऊन टाकतात: तू ली हुआ आहेस असं समज आणि तुझा परदेशी मित्र पीटर याला पत्र लिही. चीनमधल्या या चिंगशी तालुक्यातली पोरं मिसरूड फुटायच्या आधीपासून ली हुआ असतात. ली हुआ पीटरला चहाचे प्रकार सांगतो, कागदकामाच्या प्रदर्शनाला बोलावतो, विमानतळावर न्यायला जमणार नाही म्हणून माफी मागतो. पीटरचं उत्तर आजवर कधी आलं नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं.

त्यामुळे हेडमास्तर लियाओ सरांनी, "न्यूझीलंडच्या एका शाळेशी आपली मैत्री झाली आहे, अकरावीच्या निवडक तुकडीनं तिथल्या मुलांना पत्रं लिहावीत, उद्या सकाळी टेबलावर हवीत," असं फर्मान सोडलं तेव्हा वर्ग जराही गडबडला नाही. सगळ्यांच्या माना खाली गेल्या आणि पेनं चालू झाली. हात वर आला तो एकट्या ताओ रुईचा.

"बाई, तिथल्या मुलांची नावं काय?"

"नावं कळवलेली नाहीत. पीटर लिही."

"आणि खाली?"

"खाली काय नवीन? ली हुआ."

"पण बाई, हा पेपर नाही, खरं पत्र आहे. आणि मला नाव आहे की."

मेंग बाई वाईट नव्हत्या, पण पोळलेल्या होत्या. "गेल्या परीक्षेत एकानं असंच स्वतःचं नाव लिहिलं. त्याला शून्य मिळालं आणि बोलणी मला बसली. हाताला एकदा सवय लागली की ती नेमकी परीक्षेत उफाळून येते. गुपचूप ली हुआ लिही."

रुईनं ऐकलं नाही. बापाचं शेवयांचं दुकान, तिखटाचा डबा, सकाळी उजाडायच्या आत घसा फाडून करायचं वाचन आणि त्या वाचनाचा तिला येणारा वैताग, हे सगळं तिनं लिहिलं आणि खाली ठसठशीत अक्षरांत सही केली: ताओ रुई. बाईंनी तो कागद गठ्ठ्यातून काढून तिच्या बाकावर ठेवला. "दुसरं लिही."

"मला दुसरं नाव नाही, बाई."

"मग तुझं पत्र जाणार नाही."

"नको जाऊ दे."

आणि गठ्ठा तिच्या पत्रावाचून गेला.

दोन महिन्यांनी न्यूझीलंडहून उत्तर आलं. लियाओ सर मूळचे गणिताचे, इंग्रजीशी त्यांचं जुनं वैर. त्यांनी मोबाईलकडून भाषांतर करून घेतलं आणि ते खुर्चीतून उठलेच. आमची मुलं एप्रिलमध्ये तुमच्याकडे येत आहेत, पीटरला आपल्या मित्राला, ली हुआला, भेटायची फार उत्सुकता आहे. दुपारच्या आत सरांनी शिक्षण कार्यालयाला कळवलं, कार्यालयातले साहेब येणार म्हणाले, आणि फाटकावर लाल कापडी फलक चढला: पीटर आणि ली हुआ यांची मैत्री चिरायू होवो. एवढं झाल्यावर सरांनी मेंग बाईंना बोलावून विचारलं, "हा ली हुआ कोणत्या वर्गात आहे?"

बाईंनी सगळं सांगितलं.

"म्हणजे असा मुलगाच नाही?"

"सगळेच आहेत, सर."

"फलक लागलाय, बाई. साहेब येतायत." सरांनी कपाळ चोळलं. "अख्ख्या शाळेत खराखुरा एकही ली हुआ नाही? इतकं साधं नाव."

एक होता. खानावळीत भात वाढणारा ली हुआ, वय अठ्ठावन्न. सरांनी क्षणभर त्याचाही विचार केला, हे त्यांच्या चेहऱ्यावरून बाईंना स्वच्छ दिसलं.

मग वर्गाचा मॉनिटर कुआंग जिये याची नेमणूक झाली. व्याकरणात त्याचा एक गुण कधी कापला गेला नव्हता. बाईंनी सराव म्हणून त्याला इंग्रजीत विचारलं, "आज काय जेवलास?" कुआंग ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "याची मुख्यतः तीन कारणे आहेत." पुन्हा विचारलं, तर पहिलं कारण सांगू लागला. बिचाऱ्याचा दोष नव्हता. त्याला इंग्रजीत आजवर कुणी जेवणाबद्दल विचारलंच नव्हतं, पर्याय दिल्याशिवाय तर नाहीच.

घडाघडा बोलणारी वर्गात एकच होती. संध्याकाळी दुकानात वाट्या विसळताना रुई स्वतःशीच इंग्रजीत भांडायची, त्यामुळे तिची जीभ सुटलेली होती. लियाओ सरांनी तिला समोर उभी केली. "दोन तास ली हुआ व्हायचं. पत्रांत जे जे लिहिलंय ते तुला येतं असं दाखवायचं. टेबल टेनिसची कप्तान, विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष, सारंगी, कागदकाम..."

"नाही, सर."

"का?"

"कारण मी ली हुआ नाही. आणि माझं पत्र तुम्ही पाठवलंच नाहीत. ज्यांची पाठवलीत त्यांना उभं करा."

सरांना नकार ऐकायची सवय नव्हती. त्यांनी सरळ सांगून टाकलं: ऐकलं नाहीस तर सोमवारी झेंड्याखाली सगळ्या शाळेसमोर स्वतःच्या चुकांचा कबुलीजबाब वाचायचा, आणि निवडक तुकडीतून बाहेर. तुकडी गेली म्हणजे चांगलं कॉलेज गेलं, आणि कॉलेज गेलं की उरल्या शेवया, हे काही रुईला सांगायला नको होतं. तरी ती हलली नाही. तेव्हा तिच्या बापाला बोलावणं गेलं.

ताओ दुकानातला एप्रन तसाच बांधून आला. सगळं ऐकून घेऊन पोरीला म्हणाला, "अगं, दोन तास ली हुआ झालीस तर काय झिजशील?"

"बाबा, दुकानाच्या पाटीवर तुमचं नाव आहे ना?"

"आहे."

"ते दोन तास उतरवून शेजारच्याचं लावू?"

ताओनं मान खाजवली. मग सरांकडे वळून म्हणाला, "सर, पोरगी आईवर गेलीय. घरात माझंही चालत नाही." पण डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. पोरगी शिकावी म्हणून त्यानं त्या दुकानात जन्म काढला होता. रुईला ते बघवलं नाही. ती म्हणाली, "स्टेजवर येईन मी." सरांना तेवढंच ऐकायचं होतं.

एप्रिल उजाडला. स्टेजवर टेबल टेनिसची बॅट, कात्री, लाल कागद आणि कुणाच्या तरी आजोबांची सारंगी मांडून ठेवली होती. पहिल्या रांगेत कार्यालयातले साहेब गरम पाण्याचे पेले घेऊन बसले. त्यांचंही इंग्रजी परीक्षेबरोबरच संपलेलं. मागे अख्खी निवडक तुकडी, आणि सगळ्यात शेवटी, धुतलेला शर्ट घालून, ताओ. पाहुणी मुलं आली. त्यांच्यातून लाल केसांचा एक लंबूटांग मुलगा पुढे आला. त्याची मानही लाल झाली होती आणि ओठ हलत होते, तोंडी परीक्षेला निघाल्यासारखे.

लियाओ सरांनी माइकवर जाहीर केलं, "पीटर आणि ली हुआ." टाळ्या झाल्या. रुई पुढे आली. बाजूला दुभाषी म्हणून उभ्या असलेल्या मेंग बाईंनी ओठांनीच तिला खुणावलं: प्लीज.

रुईनं बापाकडे एकदा पाहिलं. मग त्या मुलाकडे सरळ बघत ती इंग्रजीत, सावकाश आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी ली हुआ नाही. ली हुआ नावाचं कुणी नाहीच. ती पत्रं सगळ्या वर्गानं लिहिली, पेपरात लिहितात तशी. माझं नाव ताओ रुई. मला कागद कातरता येत नाही, सारंगी मी आज पहिल्यांदा पाहिली. तू एवढ्या लांबून आलास, तुझ्याशी खोटं बोलणार नाही मी."

मागच्या बाकांवर कुआंग जियेनं डोळे मिटून घेतले. त्या लाल केसांच्या मुलानं वळून आपल्या बाईंकडे पाहिलं, मग पुन्हा रुईकडे, आणि छातीवरचं मोठ्ठं ओझं खाली ठेवावं तसा श्वास सोडला.

"मीही पीटर नाही," तो म्हणाला. "आमच्या शाळेत पीटर नाहीच. गठ्ठाभर पत्रं आली, सगळी पीटरला. आमच्या बाई म्हणाल्या, नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल, कुणीतरी पीटर व्हा. मला नाही म्हणता आलं नाही. दोन महिने मी ती पत्रं पाठ करतोय. माझं नाव हॅमिश. मला चहा आवडत नाही."

पाहुण्यांच्या बाई खाली बघू लागल्या. निवडक तुकडीत पहिल्यांदा कुणीतरी फसकन हसलं, मग दुसरं, आणि मग अख्खा वर्ग. स्टेजवर ती दोघंही हसायला लागली. पहिल्या रांगेतल्या साहेबांना वाटलं, हसायचं असतं, म्हणून तेही हसले.

लियाओ सर मेंग बाईंच्या कानाशी वाकले. "काय म्हणाली ती?"

बाईंनी रुईकडे पाहिलं. सोमवारचा झेंडा, तुकडी, शेवटच्या रांगेतला तो धुतलेला शर्ट, सगळं त्यांच्या नजरेसमोरून गेलं. वीस वर्षं त्यांनी उत्तरपत्रिकांवर ली हुआची सही तपासली होती.

"एकमेकांना नावं सांगितली, सर."

"ली हुआ म्हणाली ना? नीट?"

"पहिल्याच वाक्यात."

"आणि तो पीटर?"

"त्यानंही पहिल्याच वाक्यात पीटरचं नाव घेतलं."

"बघा, धाक दाखवला की ऐकतात," सर समाधानानं म्हणाले. "सोमवारचं रद्द करा." आणि सगळ्यांच्या आधी त्यांनीच टाळ्या वाजवायला सुरुवात केली.