चाचणीसाठी घेतलेले दोन पत्ते

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आमच्या घरासमोर एक ट्रक येऊन उभा राहिला. तो मीच पाठवला होता. फक्त ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

त्या वेळी मी ऑफिसात बॉससमोर छाती पुढे काढून उभा होतो. "आजपासून या कंपनीत माणसाला चूक करायला जागाच ठेवलेली नाही!" हे वाक्य नुकतंच माझ्या तोंडून बाहेर पडलं होतं.

आमची कंपनी लोकांचं घरसामान एका घरातून दुसऱ्या घरात हलवते. आतापर्यंत गिऱ्हाइकाचा फोन आला की पत्ते डेटाबेसमध्ये भरायचे, मग तेच पत्ते कामं वाटायच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा भरायचे आणि मग मुकादमाला फोन करायचा. या उपद्व्यापात एकदा दातांच्या डॉक्टरची खुर्ची एका नवविवाहित जोडप्याच्या बेडरूममध्ये जाऊन पडली होती.

मी ऑटोमेशन बसवून दोन्ही जोडून टाकलं. डेटाबेसमध्ये नोंद पडली की सॉफ्टवेअरच्या बोर्डवर आपोआप कार्ड तयार होणार, ते मोकळ्या मुकादमाच्या मोबाइलवर जाणार आणि ट्रक सुटणार! मध्ये माणूसच नाही. मुकादमांनाही मी बजावून ठेवलं होतं, "बोर्डवर दिसेल तेच खरं. फोनवर कुणी काहीही सांगू दे, ऐकायचं नाही. मी सांगितलं तरी नाही!"

आदल्या संध्याकाळी चाचणीसाठी मी एक खोटी नोंद भरली. सामान उचलायचा पत्ता? पाठ होता तो, म्हणजे माझ्या घराचा. पोचवायचा? दुसरा पाठ असलेला पत्ता बॉसच्या घराचा, कारण त्यांची पार्सलं मीच पाठवतो. गिऱ्हाइकाचा नंबर म्हणून बायकोचा टाकला. कार्ड झकास तयार झालं. मी शीळ घालत घरी गेलो. नोंद पुसायची राहून गेली.

साडेनऊला बायकोचा फोन आला.

"अहो, तुम्ही इतके आतल्या गाठीचे असाल असं वाटलं नव्हतं हं!"

"का? काय झालं?"

"पुरे झालं नाटक! ट्रक आलाय, तुमच्याच कंपनीचा. स्वयंपाकघर बांधून झालंसुद्धा!"

आमच्या घरात कपाट उघडायचं असेल तर पलंगावरच्या माणसाला पाय पोटाशी घ्यावे लागतात. मोठं घर बघा म्हणून ती लग्नापासून मागे लागली होती.

"नव्या घराला बाल्कनी आहे का हो? नको, सांगू नका! मीच बघते."

"अगं, ऐक जरा..."

"आणि घरमालकाला फोन करून सांगून टाकलं, चाललो आम्ही! नळाचं, ओल आलेल्या भिंतीचं, सगळं सगळं ऐकवलं. काय हलकं वाटतंय म्हणून सांगू!"

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, बरं झालं, भाच्याला जागा हवीच होती. बरं, ठेवते. चार्जर कुठल्याशा खोक्यात गेलाय, बॅटरी संपत आलीय."

पायाखालची जमीन सरकते असं म्हणतात. माझी तर परस्पर भाच्याला देऊन झाली होती!

मी मुकादमाला फोन लावला. "थांबवा! सगळं होतं तिथे ठेवा!"

"कोण बोलतंय?"

"अहो, मी!"

"साहेबच ना? मग बरोबर आहे. साहेबांनीच सांगितलंय, साहेबांचंही ऐकायचं नाही."

"ते माझं घर आहे हो!"

"बोर्डवर तसं काही दिसत नाही. तुम्ही निश्चिंत राहा. काचेचं सामान वहिनी स्वतः बांधतायत. फार टापटिपीची बाई!"

"काही अडचण?" बॉसनी केबिनमधून विचारलं.

"छे! सगळं सुरळीत चाललंय," मी म्हणालो. ते खरंही होतं.

आता एकच उपाय होता. मी डेटाबेस उघडला, ती नोंद शोधली आणि तिच्यापुढे 'रद्द' असं भरलं. सुटलो! खुर्चीत मागे रेलतो न रेलतो तोच बोर्डवर टिंग असा आवाज होऊन दुसरं कार्ड उगवलं. पहिलं जागच्या जागीच होतं.

गिऱ्हाइकानं ऐनवेळी काम रद्द केलं तर सामान उलट फिरवून मूळ पत्त्यावर आणायचं, हा नियम मीच घातला होता आणि त्याचा मला अभिमान होता. सामान तिथवर पोचलंय की नाही, हे विचारायला मी ऑटोमेशनला शिकवलं नव्हतं. नवं कार्ड सांगत होतं: उचलायचं बॉसच्या घरून, पोचवायचं माझ्या घरी. सामान, घरात असेल ते सर्व!

दुसरा मुकादम मोकळाच होता. मी फोन केला तर त्यानंही शब्दाला शब्द तेच उत्तर दिलं. पाठांतर मी चांगलं करून घेतलं होतं.

मग मी घरमालकाला फोन लावत बसलो. ते उचलेनात. मधूनमधून बॉसना खरं सांगायला उठत होतो आणि पाणी पिऊन परत येत होतो. असं करता करता दुपार झाली आणि बॉसच भिंतीवरच्या मोठ्या पडद्यापाशी येऊन उभे राहिले. पडद्यावर ट्रक ठिपक्यांसारखे सरकत होते.

"हा ट्रक कुठे निघालाय? अरे, माझ्या गल्लीत शिरला की!"

"शिरला खरा."

"आणि हा दुसरा माझ्या दारातून बाहेर पडतोय. कुणाचं सामान आहे त्यात?"

"तुमचं," मी म्हणालो.

बॉस आणि त्यांच्या आई, दोघंच त्या घरात राहतात. बॉसनी आईंना फोन लावला. अर्धा तास तो कुणी उचलेना; उचलला तेव्हा त्यांनी स्पीकर चालू केला.

"आई, घरी कुणी आलं होतं का?"

"तुझीच माणसं आली होती की! सोफा नेला, पलंग नेला. म्हटलं, आपल्याला कोण विचारतंय! टीव्ही बदललास तेव्हाही मला दुकानातली माणसं दारात आल्यावरच कळलं."

"अगं, थांबवायचं नाही का त्यांना?"

"आता काय थांबवू? दुसरं सामान यायलासुद्धा लागलं. ही मुलगी मात्र गुणी आहे हो. खोकी उतरवणाऱ्यांना आल्या आल्या म्हणाली, भिंतींना ओरखडे पडता कामा नयेत."

"कुठली मुलगी?"

मागून माझ्या बायकोचा आवाज आला, "काकू, तुमचं निघायचं सावकाश होऊ दे. आधी चहा घ्या."

बॉसनी फोन ठेवला आणि गोदामात कुणीच न्यायला न आलेल्या खोक्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"हे सगळं रद्द करा!"

"रद्द नको," मी हात जोडले. "रद्द केलं की उलटी फेरी निघते. मग चार ट्रक होतील."

"मग ते ऑटोमेशन बंद करा!"

मी बंद केलं. लगेच दुसऱ्या मुकादमाचा फोन.

"साहेब, दिलेल्या पत्त्यावर नवं कुलूप आहे. एक गृहस्थ म्हणतात, मी भाचा. सामान कुठे उतरवू?"

"परत न्या! जिथून आणलं तिथे!"

"बोर्डवर तसं कार्ड नाही."

"बोर्डला जोडणारं यंत्रच बंद केलंय!"

"चालू झालं की सांगा. तोवर आम्ही रस्त्याच्या कडेला बसलोय. सोफा आरामशीर आहे."

मी आणि बॉस त्यांच्या गाडीतून निघालो. वाटेत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. 'अगं, घर आपलं नाही' हे पहिलं. 'आणि जुनंही आता आपलं नाही' हे दुसरं. दुसऱ्यानंतर काय बोलायचं ते सुचत नव्हतं.

"तिला सांगणार कोण?" मी शेवटी विचारलं.

"तुम्ही. आणि आईला?"

"तुम्ही."

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. ट्रक पोचवायच्या पत्त्यावर पोचला की गिऱ्हाइकाला अभिप्राय विचारणारा मेसेज जातो. तो मी बंद करण्याआधीच गेला होता. बायकोला चार्जर सापडला असावा, कारण उत्तर आलं होतं. पाच तारे!

खाली तिनं लिहिलं होतं, "माणसं वेळेवर आली. एक बशीसुद्धा फुटली नाही. घर अगदी मनासारखं आहे, बाल्कनीला दुपारचं ऊन येतं. फक्त आधीच्या काकू अजून निघालेल्या नाहीत, पण त्या राहिल्या तरी आमची काही हरकत नाही."

बॉसनी ते दोनदा वाचलं आणि मोबाइल मला परत दिला.

गाडी आता त्यांच्या दारात उभी आहे. वर बाल्कनीत पडदे लागलेत, आमचेच. आधी कुणी उतरायचं, यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही.