आमरीच्या नळीतला मध

एका जंगलात, बाळांनो, म्हणजे आपल्या इथल्या नव्हे, पार आफ्रिकेतल्या, एक आमरी राहत असे. आमरी म्हणजे ऑर्किड. तिच्या चुलत बहिणी उंच झाडांवर राहायच्या. ही मात्र खाली गवतात, वारुळाच्या शेजारी. मातीत तिचा कंद होता आणि तो कंद सायाळकाकूंना फार आवडे. आज ना उद्या काकू येऊन तो उकरून खाणार, हे ठरलेलंच होतं. त्याआधी एकदा तरी बी धरावं, एवढीच आमरीची इच्छा होती.

बी धरायचं तर भुंगा यायला हवा. एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलाला तोच पोचवतो. भुंगा यायचा तर मध हवा. आणि मध आमरीकडे नव्हता. तिच्या आईकडेही नव्हता. फुलामागे लांबलचक, वळणदार नळी तेवढी होती. आत ठणठणाट.

"मी म्हणजे रिकामा डबा," आमरी स्वतःशीच म्हणायची. "आणि वर नक्षी केवढी!"

तरी भुंगे आले. पहिले आले गुणगुणेसाहेब. हे भुंग्यांतले मोठे रसिक. त्यांनी नळीत डोकं घातलं. आणखी आत घातलं. काहीच लागेना. बाहेर येऊन बघतात तर मागे चार भुंगे रांगेत उभे.

"कसा आहे मध?" चौघांनी विचारलं.

साहेबांनी डोळे मिटले. "खोल आहे," ते म्हणाले. "सगळ्यांनाच कळेल असं नाही."

मग काय! चौघांनी आळीपाळीने डोकी घातली आणि चौघांनाही कळलं. एकाला तर जांभळाचा वाससुद्धा आला. कपाळाला परागाचे पिवळे गोळे चिकटवून मंडळी तृप्त चेहऱ्याने परतली.

आमरीला मात्र चैन पडेना. गुणगुणेसाहेब रोज यायचे आणि रोज थोडे वाळायचे. तिला मनापासून वाईट वाटलं. शेवटी एक दिवस तिने भर गर्दीत सांगून टाकलं, "अहो, आत काही नाही! आईशप्पथ. मी उगाच मिरवतेय."

सगळे भुंगे तिच्याकडे वळले. संपलं, आमरीला वाटलं. आता भुंगे नाहीत, बी नाही. आता थेट सायाळकाकूच.

"वा!" गुणगुणेसाहेब म्हणाले. "काय हा विनय!"

"विनय कसला? खरंच नाहीये हो!"

"बघा, पुन्हा!" साहेब गर्दीकडे वळले. "नाहीतर ती ओढ्यापलीकडची गवतफुलं. गेलं की लगेच मध. उथळ!"

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट झाली. आमरी हात जोडून माफी मागत राहिली. भुंगे माना डोलवत राहिले आणि डोलता डोलता पराग पोचवत राहिले. बघता बघता फुलं सुकली आणि शेंगा टम्म फुगल्या. आमरीला इतका आनंद झाला की तिला स्वतःचीच लाज वाटली.

एका संध्याकाळी गुणगुणेसाहेब एकटेच आले. पंख लटपटत होते.

"आमरीबाई, आता इथे कोणी नाही. खरं सांगा. मध नव्हताच ना?"

"नव्हताच. मी तर केव्हाची सांगतेय."

"मला पहिल्याच दिवशी शंका आली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"मागे ते चौघे उभे होते ना!"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि गुपचूप ओढा ओलांडून गवतफुलं गाठली. तिथे ते चौघे आधीच डोकी खुपसून बसले होते. कोणी कोणाला ओळख दाखवली नाही.

तात्पर्य : खरं बोलायला मुळीच भिऊ नये. कोणी विश्वास ठेवत नाही. आणि बाळांनो, ही गोष्ट पोकळ वाटली, तर चारचौघांत बोलू नका. सांगणाऱ्याचं पोट त्यावरच आहे.